किल्ल्यातला ऊस

उन्हाळ्यात वसई किल्ल्याच्या वाटेवर उसाच्या रसाच्या गाड्या लागतात. गुऱ्हाळात चरक बैल ओढायचे, तेव्हाचे घुंगरू आता विजेच्या चरकाला बांधलेले असतात. बैल केव्हाच गेले, पण गिऱ्हाइकाला घुंगरांचा आवाज लागतोच. आलं-लिंबू घातलेला रस, वर बर्फाचा चुरा, काचेचा जाड पेला. ऊस येतो घाटावरून. वसईच्या मातीत आता ऊस होत नाही म्हटलं तरी चालेल. गाडीभोवती लग्नाआधीचे फोटो काढून दमलेली जोडपी असतात, शाळेची सहल असते आणि इतिहासाची आवड असलेले दोघे-चौघे हटकून असतात. समोरच्या तटाच्या आत कधी काळी ऊस लावला होता, साखरेचा कारखाना काढला होता, असं त्यांना कुणी सांगितलं तर ते हसण्यावारी नेतील. या किल्ल्यात माणसं लढायला येतात, तह करायला येतात, हल्ली सिनेमाची गाणी चित्रित करायला येतात. ऊस लावायला कोण येईल?

एक मेजर आला होता.

१८६० च्या सुमारास सरकारने वसईचा किल्ला मेजर लिटलवुड नावाच्या गृहस्थाला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. किल्ला म्हणजे एखादी गढी नव्हे, तटाच्या आतलं सुमारे ११० एकरांचं अख्खं शहर. छप्पर उडालेली चर्चं, फिरंगी कप्तानाचा वाडा, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन मठांच्या भिंती, विहिरी, बुरूज, बालेकिल्ला, भूमी दरवाजा, दर्या दरवाजा आणि मधे माजलेलं रान. मेजरने तिथे साखरेचं काम उभारलं. पुढे ते बसलं. एवढ्या ऐवजावर त्याची गोष्ट उभी आहे. कागदांनी त्याला मेजर म्हणूनच ठेवलं. फौज सोडली तरी हुद्दा सुटला नाही, आणि एवढा ऊस लावूनही शेतकरी म्हणून त्याला कुणी ओळखलं नाही.

तीस वर्षं हा त्या काळच्या सरकारचा लाडका आकडा होता. मुंबई इलाख्यात जमिनीची पाहणी होऊन सारा ठरला की तोही तीस वर्षांसाठीच ठरे. एका माणसाने कंबर कसून जमीन कसावी, हातात चार पैसे पडावेत आणि मुलाच्या हाती नांगर देऊन बाजूला व्हावं, एवढा तो काळ. हिशेब कागदावर चोख होता. ऊस कागद वाचत नाही, ही त्यातली अडचण.

फौजेतून परतलेल्या माणसाला जमिनीची ओढ का लागत असेल? आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकुमाने दुसऱ्यांच्या शेतांतून घोडे घातले, आता एखादं शेत आपल्या हुकुमात असावं, असं वाटत असेल. की तोफा-बंदुकांच्या आवाजानंतर, आवाज न करता वाढणारं काहीतरी हवंसं वाटत असेल? राज्यकर्त्यांना ही ओढ चांगली ठाऊक असते. रोमने आपल्या जुन्या सैनिकांना जिंकलेल्या मुलखात वसवलं. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर देऊ केले आणि यादवी युद्ध संपल्यावर लढून आलेल्यांना त्यात खास सवलती मिळाल्या. सैनिक रिकामा बसला तर उपद्रव. त्याला नांगराला जुंपलं की सारा येतो, शिवाय सरहद्दही राखली जाते.

मराठी मुलखात हा प्रश्न इतका सुटा कधी नव्हताच. इथे शिपाई आणि शेतकरी बहुतेक वेळा एकच असायचा. पावसाळ्यात शेतात, दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर, मृगाच्या आधी जमलं तर घरी. भाला आणि विळा एकाच आढ्याला टांगलेले. त्यामुळे फौज सोडून शेतीला लागलेला गोरा मेजर या लोकांना जगावेगळा वाटला असेल असं नाही. जगावेगळी होती ती त्याची जागा. किल्ल्यात शेती!

खरं तर वसईची जमीन तलवारवाल्यांना वाटायची रीत मेजरच्या तीनशे वर्षं आधीची. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यानंतर पोर्तुगालच्या राजाने इथली गावंच्या गावं आपल्या लढवय्यांना ठरावीक खंडावर लावून दिली. अट अशी की वेळप्रसंगी घोडा आणि हत्यार घेऊन हजर व्हायचं. ज्यांना तलवार धरता येत नव्हती त्यांचीही सोय झाली. गोव्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता याला तर मुंबई बेटच असं लावून मिळालं होतं. आज त्या बेटावर खोलीचं डिपॉझिट भरताना ज्यांची दमछाक होते, त्यांनी हे वाचून सुस्कारा सोडायला हरकत नाही. गावं बायकांच्या नावेही जात, मुलीला आंदण म्हणून. पण तिने लग्न पोर्तुगीजाशी करायचं. म्हणजे जमिनीबरोबर जावईही सरकारच ठरवणार.

हे फिरंगी जमीनदार स्वतः चिखलात उतरले नाहीत, हे सांगायला नकोच. कसणारे इथलेच होते. त्यांतले काही ख्रिस्ती झाले, काही हिंदू राहिले, काही मुसलमान होते. कुपारी, वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, भंडारी, आगरी अशी ही वस्ती. वाडीतल्या जमिनीचा तुकडा आणि विहिरीचं पाणी एवढ्यावर यांचं सगळं भांडण आणि सगळी दोस्ती.

१६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन वकील जगाच्या फेरीवर असताना वसईत येऊन गेला. माणूस बारकाईने बघणारा. शहराबाहेर मैलोन् मैल पसरलेल्या बागा त्याने पाहिल्या. ताड-माड, केळी, आंबे आणि ऊस, तोही भरपूर. तिन्ही धर्मांचे लोक त्या बागा राखतात आणि पाणी काढायच्या यंत्रांनी त्या बारमाही हिरव्या ठेवतात, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे. शहरात साथ आली किंवा उकाडा वाढला की फिरंगी बडे लोक याच बागांतल्या बंगल्यांत येऊन राहत. कारेरीला वसईत एक स्थळही सांगून आलं होतं. भरघोस हुंडा, वर मठांची वकिली. उष्ण मुलखात राहणं मानवणार नाही म्हणून त्याने ते नाकारलं. वसईचा एक जावई हुकला.

कारेरी ज्यांना यंत्रं म्हणतो ते रहाट. मेजरच्या काळातही ते होते आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं होते. वसईच्या वाडीत रहाट बसवत तो विहिरीवर नाहीतर बावखलावर. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खणलेलं, काठावर झाडी असलेलं, विहिरीपेक्षा पसरट तळं. वर लाकडी दातेरी चाकं, एक आडवं, एक उभं. दात्यात दाता अडकलेला. उभ्या चाकावरून दोराची माळ खाली पाण्यात गेलेली आणि माळेला ओळीने मातीचे लोटे बांधलेले. आडव्या चाकाला रेडा जुंपायचा, त्याच्या डोळ्यांना झापडं लावायची. रेडा गोल फिरे, लोटे रिकामे खाली जात, भरून वर येत, चाकाच्या माथ्यावर कलंडत आणि पाणी पन्हळीत पडून पाटाने बागेत जाई. एखादा लोटा फुटला की त्याच्या जागी नवा बांधायचा, त्यासाठी रहाट फार वेळ थांबत नसे. पहाटेच्या अंधारात सगळ्या वाड्यांमधून लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येई आणि त्या आवाजावर शेजाऱ्याचा रहाट सुरू झाला की नाही ते अंथरुणात पडल्या पडल्या कळे. या पाण्याचा जोर बेताचा असतो. ते हलके हलके येतं, मुळांना पुरतं आणि विहिरीलाही पुरतं.

मग १७३९ उजाडलं. चिमाजी आप्पांनी वेढा घातला, सुरुंग लावले, तट फुटला, दोन्हीकडची हजारो माणसं कामी आली आणि मे महिन्यात फिरंग्यांनी किल्ला खाली केला. आपली हत्यारं घेऊन, मानाने, बोटीत बसून ते गेले. चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या आणि त्या देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या अजून आहेत. शंकराजी केशव फडके सरसुभेदार झाले. नवे इनामदार, नवे वतनदार आले. विजयानंतर घंटांची वाटणी लवकर होते, जमिनीची वाटणी पिढ्यान् पिढ्या चालते. वाडीतल्या कुळाला मात्र खंड कुणाच्या दारात नेऊन टाकायचा एवढाच फरक पडला असावा.

१७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून तैनाती फौज पत्करली आणि सोळा वर्षांनी सगळंच गेलं. १८१८ नंतर किल्ल्याला काम उरलं नाही. लढाई मुंबईहून पार पुढे सरकली होती. ज्या तटासाठी एवढं रक्त सांडलं, त्याच्या आत आता कंपनीच्या कारकुनाला पडीक जमीन दिसू लागली. पडीक जमीन म्हणजे बुडालेला सारा.

लिटलवुडच्या आधी तीसएक वर्षं, १८३० च्या आसपास, लिंगार्ड नावाच्या इंग्रजाने हाच घाट घातला होता. किल्ल्यातली जमीन लांब मुदतीने घ्यायची, मॉरिशसचा ऊस लावायचा, चरक उभारायचा. सरकारने जमीन दिली, वर पैशांची उचलही दिली. कारण साखर हे तेव्हा लाखमोलाचं स्वप्न होतं. वेस्ट इंडीजच्या मळ्यांतली गुलामगिरी बंद व्हायच्या बेतात होती, इंग्लंडला साखर तर हवीच होती, आणि ती हिंदुस्थानातून आली तर काय वाईट? लिंगार्ड दोन-तीन वर्षांतच वारला. मागे चरक, शेत आणि सरकारची बाकी. पुढे मॅकग्रेगर ब्राउनरिग कंपनीने ते घेऊन पाहिलं आणि सोडून दिलं. एवढं सगळं होऊन गेल्यावरही एक मेजर पुन्हा तिथेच ऊस लावायला पुढे येतो, याला जिद्द म्हणावं की आधीच्या फायली न वाचण्याची सवय, हे ज्याने त्याने ठरवावं. फौजी माणसाला पडलेल्या किल्ल्यावर दुसऱ्यांदा चढाई करण्यात गैर काही वाटत नसेल.

उसाचा आणि फौजेचा संबंध इथेच संपत नाही. ताहिती बेटावरचा जाड, रसाळ ऊस फ्रेंचांनी मॉरिशसला नेला आणि तिथून १८२७ च्या सुमारास तो हिंदुस्थानात आणणाऱ्यांत एक होता विल्यम स्लीमन, ठगांचा कर्दनकाळ म्हणून पुढे गाजलेला. नेपाळच्या युद्धात लढून आलेला हा अधिकारी बेणं घेऊन आला, ते कलकत्त्याच्या वनस्पती बागेत आणि जबलपूरला लावलं गेलं. ठगांवर त्याने लिहिलेलं लोक अजून वाचतात, त्याच्या उसाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. बेणं आणणाऱ्याला इतिहास असाच वागवतो.

आणि याच सुमाराला दर्यात उलट दिशेनेही जहाजं निघाली होती. १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांवर करारावर मजूर नेणं सुरू झालं आणि मुंबई बंदरातून कोकणातली, घाटावरची माणसं तिकडे ऊस तोडायला गेली. मॉरिशसचा ऊस वसईला आला, कोकणची माणसं मॉरिशसला गेली. त्यांची पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात, आरत्या म्हणतात, घरात क्रिओल बोलतात. किल्ल्यातला ऊस टिकला नाही, ही माणसं टिकली. वसईच्या बंदरातून त्यांचं जहाज दिसलं असतं तर मेजरला काय वाटलं असतं, सांगता येत नाही. साखरेचा भाव तेवढा आठवला असता बहुधा.

मेजरचं कुठे चुकलं असेल? उसाचं गणित ज्याने केलंय त्याला काही गोष्टी न सांगता कळतात. ऊस शेतात दहा-बारा महिने राहतो आणि सबंध वर्ष पाणी मागतो. तोडल्यावर थांबून चालत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उताऱ्याला घसरण लागते, म्हणून तोड, चरक आणि चुलवाण यांची गाठ पडावी लागते. जमिनीत खार असला तर रसात उतरतो. गूळ खारट लागतो, ढेप बसत नाही, पाझरते. किल्ल्याला तीन बाजूंनी खाडी आणि समुद्र. शिवाय आतली जमीन ही मुळात शेतजमीनच नव्हे, पडक्या शहराचा दगड, विटा आणि चुना तिच्यात मुरलेला. गूळ करायला हुशार गुळव्या पुरतो. काहिलीतला फेस पाहून, उलथन्यावरून पडणारी तार पाहून तो सांगतो, उतरवा आता. साखरेचं तसं नाही. मळी वेगळी काढायची, दाणा पाडायचा, तो पांढरा करायचा. त्याला यंत्र लागतं, जळण लागतं आणि तोटा सोसणारी थैली लागते. किल्ल्याबाहेरचे शेतकरी ऊस लावत होते, पण त्यांनी तो केळीच्या फेरपालटात बसवला होता. एकाच पिकावर सगळा डाव त्यांनी कधी लावला नाही. मासळीचं खत आणि एरंडीची पेंड घालायची, ऊस निघाला की केळ, केळ निघाली की भाजी, एका कोपऱ्यात पानवेल. एक पीक बुडालं तरी दुसरं घर चालवतं. मेजरने काढली मोहीम, ते करत होते संसार.

हे म्हणताना त्याला कमी लेखायचं कारण नाही. ज्या जागेकडे बाकीचे सगळे भूतकाळ म्हणून बघत होते, तिथे त्याला पुढचं पीक दिसलं. गेर्सन दा कुन्यांचं चौल आणि वसईवरचं पुस्तक १८७६ साली निघालं. त्या काळात या पडक्या चर्चांतून हिंडणारे विद्वान थडग्यांवरचे लेख उतरवून घेत होते. त्याच आवारात दुसरा एक माणूस उसाचा उतारा मोजत होता. दोघांचीही तऱ्हा निराळी, आणि दोघंही आपापल्या परीने मेलेल्या शहरातून काहीतरी काढू पाहत होते.

आद्य शेतकरी, पहिला बागायतदार अशी बिरुदं देताना मात्र जरा थांबावं. मेजर यायच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी कारेरीने इथला ऊस पाहिला होता. तो ज्यांनी लावला त्यांची नावं कुठे नाहीत. पट्टा ज्याच्या नावाने निघतो तो पहिला ठरतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे इथेही खरंच.

त्याच काळातल्या दुसऱ्या फौजी माणसांचं काय झालं, तेही पाहावं. मुंबई फौजेत कोकणातले महार, मराठे, भंडारी, बेने इस्रायली कितीतरी होते. सुभेदार, जमादार होऊन ते परतले. दापोलीची छावणी अशा पेन्शनरांचं गाव बनली होती. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर दापोलीला आले आणि तिथून साताऱ्याला बांधकाम खात्यात कोठी सांभाळायला गेले. सोबत कुटुंब होतं, त्यात धाकटा भीमराव. यांतल्या कुणाला किल्ला मिळाला नाही, आणि महार सुभेदाराला तर गावातल्या विहिरीवर पाणीसुद्धा सरळ मिळत नव्हतं. लढून आलेल्याला जमीन मिळते, या नियमाला कातडीचा रंग आणि जात अशा दोन अटी होत्या. त्या भाडेपट्ट्यात लिहिलेल्या नव्हत्या, एवढंच.

मेजरचा पट्टा चालू असतानाच वसईत खरी क्रांती झाली, ती रुळांवरून. १८६७ च्या १२ एप्रिलला विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली. आतापर्यंत खाडीतून होडीने जाणारा माल आता पहाटेच्या गाडीने निघाला. दोन वर्षांत क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. वाडीतल्या बायका भाजी, फुलं, केळी घेऊन गाडीत चढू लागल्या, आणि पानवेलीच्या करंड्या गुजरात-उत्तर हिंदुस्थानकडे जाऊ लागल्या. साखर काढायला किल्ला आणि कारखाना लागला असता. पानं आणि भाजी विकायला फक्त वेळेवर येणारी गाडी पुरली. सरकारकडून उचल न घेता, कुठलाही पट्टा न लिहिता, वसईचा शेतकरी मुंबईच्या ताटात जाऊन बसला. तो नुसताच बसला नाही, त्याच पैशावर त्याने पोरांना शाळेत घातलं.

त्याच रुळांनी शंभर-सव्वाशे वर्षांनी उलटा माल आणला. मुंबईत न मावणारी माणसं. रहाट गेले, इंजिनं आली, मग मोटारी. विहिरीचं पाणी टँकरमध्ये भरून विकलं जाऊ लागलं. जोरात उपसलं की समुद्राचा खार आत सरकतो, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. १९८८ नंतर हिरव्या पट्ट्यातली जमीन इमारतींसाठी मोकळी होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. मोर्चे निघाले, धमक्या आल्या, काही वाचलं, बरंच गेलं. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा. बावखलं बुजवून त्यावर इमारती उभ्या राहिल्या, आणि पावसात त्यांच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी साचतं तेव्हा सगळे आश्चर्य करतात. पाण्याला आपली जुनी जागा विसरता येत नाही, त्याला काय करणार?

किल्ला तेवढा राहिला, कारण तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आत आता ताडांचं रान आहे. भंडारी कमरेला मडकी बांधून चढतात, खाली चर्चच्या पडक्या भिंतीत कुणी अभ्यास करत बसलेलं असतं, कुणी पोरं क्रिकेट खेळतात. किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन त्याच वाटेने जातात. चिमाजी आप्पांचं स्मारक आहे, वज्रेश्वरीचं देऊळ आहे, नागेश्वर आहे, गोन्सालो गार्सियाच्या नावाचं चर्च आहे. ज्यांनी किल्ला घेतला, राखला किंवा इथून जाऊन नागासाकीला क्रुसावर प्राण दिले, त्यांची आठवण राहिली. तिथे ज्याने तीस वर्षं ऊस लावायचं ठरवलं त्याची राहायचं काही कारण नव्हतं. पराभूत सेनापतीचं नाव राहतं, तोट्यातल्या शेतकऱ्याचं राहत नाही.

बाहेरच्या वाड्यांतलं एक काम मात्र अजून, जेमतेम का होईना, चालू आहे. त्याला यंत्र लागत नाही की पट्टा लागत नाही. आगाशी-नंदाखालच्या बाजूला राजेळी केळी लावतात, लांब, जाड सालीची, आतून घट्ट. घड उतरवून पेंढ्यात पिकत घालायचा. साल पिवळी होऊन काळे ठिपके पडले की हलक्या हाताने सोलायची. सोललेली केळी मांडवावर उन्हात ओळीने ठेवायची, एक-एक, एकमेकाला न चिकटता. संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची, बाजू पालटायची. आठवडाभरात ती आकसतात, मधासारखा रंग येतो, बोटाला चिकट लागतात. मग केळीच्याच वाळक्या पानात आवळून पुडा बांधायचा. त्यात साखरेचा कणही घालत नाहीत. हीच सुकेळी. या सगळ्यात मधेच आभाळ आलं तर घरातले सगळे मांडवाकडे धावतात, आणि ऊन सलग दोन दिवस पडलं नाही तर घड वाया. राजेळीला जागा जास्त लागते, वेळ जास्त लागतो, आणि गुंठ्याचा भाव आता केळीच्या हिशेबात बसत नाही. त्यामुळे सुकेळी करणारी घरं थोडी उरली आहेत.

दुकानात मिळतील म्हणून जाऊ नका. पावसाळा सोडून, थंडी सरताना आगाशी-नंदाखालकडे चक्कर टाका, ओळखीच्या घरी आधी सांगून ठेवा, आणि पैसे देताना भाव करू नका.